पहिले नऊ एमएम पिस्तूल, सातशे डॉलर आणि घरात दहा वर्षांचा मुलगा

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेत टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या भागातील एका शूटिंग रेंजवर मी सुरक्षा देखरेखीचे काम करतो आणि नवशिक्यांना शिकवतो. पहिले पिस्तूल घेऊ पाहणारे भारतीय, त्यातही मराठी, लोक गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वाढत्या संख्येने येऊ लागले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कुठले घेऊ?’ असा असतो. या कुटुंबाचे प्रकरण सविस्तर मांडण्याचे कारण असे की त्या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच्या चार-पाच निर्णयांवर कसे अवलंबून असते, हे येथे स्वच्छ दिसले.

माधवीताई (नाव बदललेले) चाळिशीच्या आहेत, एका रुग्णालयात परिचारिका आहेत आणि काही वर्षांपूर्वी त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे. त्यांचे यजमान मेक्सिकोच्या आखातातील तेलफलाटावर काम करतात; दोन आठवडे समुद्रावर आणि दोन आठवडे घरी अशी त्यांची पाळी असते. मुलगा दहा वर्षांचा. सासूबाई दरवर्षी पर्यटक व्हिसावर येऊन काही महिने राहतात. त्यांच्याच गल्लीतील एका घरात, आत माणसे झोपलेली असताना रात्री चोरटे शिरले आणि त्यानंतर घरात पिस्तूल ठेवण्याचा विषय पहिल्यांदा निघाला.

दोघांनाही शस्त्राचा अनुभव नव्हता. माधवीताईंच्या सांगली जिल्ह्यातील मामांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बाराबोअर होती. निवडणूक लागली की मामा ती कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून येत, एवढीच त्यांची आठवण. भारतात नऊ एमएम हा सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) आहे. परवाना मिळालाच तर लोक .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेतात. टेक्सासमध्ये मात्र तेच नऊ एमएम पिस्तूल पात्र नागरिकाला ओळखपत्र दाखवून, एक फॉर्म भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन बहुधा त्याच दिवशी मिळते. इतकी मोठी तफावत असल्यामुळे आपल्या लोकांचा गोंधळ उडतो. परवान्याची यंत्रणा भारतात जो विचार सक्तीने करायला लावते, तो येथे माणसाने स्वतःच करायचा असतो.

मूळ अडचण

पती-पत्नीने सातशे डॉलरची मर्यादा ठरवली होती आणि ते सगळे पैसे पिस्तुलासाठीच आहेत असे ते धरून चालले होते. सातशे डॉलरमध्ये या बाजारात उत्तम नवे पिस्तूल येते. ग्लॉक 19 हे चार इंची नळीचे आणि पंधरा काडतुसांच्या मॅगझिनचे (मुठीत बसणाऱ्या, काडतुसे भरून ठेवण्याच्या डबीचे) सर्वपरिचित पिस्तूल त्यापेक्षा कमी किमतीत मिळते. यजमानांनी त्याच्यावर जवळजवळ शिक्कामोर्तब केले होते.

अडचण हिशोब मांडल्यावर समोर आली. मुलगा घरात असल्यामुळे चटकन उघडणारी मजबूत कुलूपपेटी हवी. कानांवर संरक्षक आणि डोळ्यांवर चष्मा हवा. शिकल्याशिवाय शस्त्र घरात आणायचे नाही, म्हणून वर्गाची फी आली. शिकल्यानंतर हात सुटू नये म्हणून सरावाची काडतुसे आली. आणि घरात ठेवण्यासाठी वेगळ्या प्रकारची, टोकाला पोकळ असणारी, लागल्यावर पसरून आरपार जाण्याची शक्यता कमी करणारी, महाग काडतुसे आली. कर धरून पेटी 120 डॉलर, कान-डोळ्यांचे साहित्य 55, रेंजचे पिस्तूल आणि काडतुसे धरून वर्ग 90, सरावाची 200 काडतुसे प्रत्येकी 28 सेंटप्रमाणे 56, आणि पोकळ टोकाच्या काडतुसांची 25 नगांची पेटी 25 डॉलर. बेरीज 346. उरले 354 आणि त्यातही विक्रीकर 8.25 टक्के. म्हणजे पिस्तुलाच्या किमतीची खरी मर्यादा सुमारे 327 डॉलर निघाली.

हा आकडा पाहून यजमानांचा चेहरा पडला. पेटी नंतर घेऊ, सध्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवू, असे त्यांनी सुचवले. त्यावर मी स्पष्ट सांगितले की पेटी हा या खरेदीचा पहिला भाग आहे आणि ती आल्याशिवाय बाकी काहीही येऊ नये. दहा वर्षांचा मुलगा खुर्चीवर चढून कपाटाची कुठलीही फळी गाठतो. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती लागेल अशा रीतीने भरलेले शस्त्र ठेवणे हा टेक्सासच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या मुलाकडून गोळी सुटून कोणाला मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर त्या गुन्ह्याची पायरी वाढते. कायदा बाजूला ठेवला तरी, मूल घरात असताना उघड्यावर ठेवलेले पिस्तूल ज्या धोक्यासाठी आणले त्याहून मोठा धोका घरातच निर्माण करते, हे माझे ठाम मत आहे. माधवीताईंनी रुग्णालयात आकस्मिक विभागात काम केले होते. त्यांना हे पटवून द्यावे लागले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पिस्तूल न घेण्याचा होता आणि तो आम्ही गांभीर्याने तपासला. अनेक घरफोड्यांत दरवाजा लाथेने उघडला जातो, कारण कडीची पट्टी चौकटीच्या पातळ लाकडात आखूड स्क्रूंनी बसवलेली असते. ती पट्टी बदलून तीन इंची स्क्रू भिंतीच्या मुख्य लाकडापर्यंत नेणे, अंगणात हालचालीने पेटणारे दिवे लावणे आणि साधी धोक्याची घंटा बसवणे, ही कामे कुटुंबाने पिस्तुलाच्या आधी आणि वेगळ्या पैशांतून केली. ती झाल्यावरही माधवीताईंचे मत बदलले नाही. पोलीस पोहोचेपर्यंतची मिनिटे मुलाबरोबर एकटीने काढावी लागतील, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. हा निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी घाबरून एका संध्याकाळी घेतला नव्हता, म्हणून मी पुढे मदत करायला तयार झालो.

दुसरा पर्याय ओळखीच्यांनी सुचवलेला होता: बायकांना छोटे रिव्हॉल्व्हरच बरे. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याबद्दल थोडे थांबून लिहितो. हलक्या धातूचे, दोन इंची नळीचे .38 रिव्हॉल्व्हर हातात गोड वाटते, पण त्याचा चाप लांब आणि जड असतो, मूठ बोटभर असते आणि सगळा धक्का तळहाताच्या एका बिंदूवर येतो. ते पाच काडतुसे घेते आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. मुरलेल्या नेमबाजाच्या हाती ते उपयुक्त शस्त्र आहे, परंतु नवशिक्याला त्यावर शिकणे कठीण जाते. माधवीताईंनी रेंजवर एकदा ते चालवून पाहिले आणि पाच गोळ्यांनंतर मनगट चोळत खाली ठेवले.

.22 बोअरचाही विचार झाला. त्याची काडतुसे नऊ एमएमच्या एक तृतीयांश किमतीत मिळतात आणि धक्का जवळजवळ नसतो, म्हणून शिकण्यासाठी त्यासारखे दुसरे काही नाही. मात्र ही काडतुसे बार फुसका जाण्याच्या बाबतीत कमी भरवशाची असतात आणि गोळीची ताकदही तोकडी पडते, त्यामुळे घरात एकच शस्त्र ठेवायचे असेल तर .22 निवडावे असे मला वाटत नाही. आम्ही मधला मार्ग काढला: वर्गाची सुरुवात भाड्याच्या .22 पिस्तुलाने करायची आणि खरेदी नऊ एमएमची.

नऊ एमएमच का, हेही सांगायला हवे. जॉर्ज लुगर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जर्मनीत सिद्ध केलेले हे काडतूस आज नाटो देशांच्या सैन्यांचे आणि अमेरिकेतील बहुतेक पोलीस दलांचे काडतूस आहे. एवढ्या प्रचंड प्रमाणात बनत असल्यामुळे पिस्तुलाच्या मोठ्या बोअरच्या काडतुसांत तेच सर्वांत स्वस्त पडते. धक्क्याने सौम्य म्हणून सुचवले जाणारे .380 उलट महाग पडते. तंग अंदाजपत्रकात काडतुसाची किंमत पिस्तुलाच्या किमतीइतकीच महत्त्वाची असते, कारण पिस्तूल एकदा घ्यायचे असते आणि काडतुसे कायम.

आता प्रत्यक्ष पिस्तुले. रेंजवर भाड्याने मिळणाऱ्या पिस्तुलांपैकी पाच आम्ही निवडली. टॉरस जी3सी हे ब्राझिली कंपनीचे आखूड पिस्तूल नवे असूनही अडीचशे डॉलरच्या आसपास मिळते. स्मिथ अँड वेसनचे एसडी9 आणि रुगरचे सिक्युरिटी-9 ही दोन्ही चार इंची नळीची पिस्तुले सव्वातीनशे ते साडेतीनशेच्या पट्ट्यात येतात. स्मिथ अँड वेसनचेच शील्ड ईझेड मुद्दाम मऊ स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) असलेले आहे, पण ते साडेचारशेच्या पुढे जाते. पाचवे होते त्याच कंपनीचे एम अँड पी 9, जे नवे घेणे परवडणार नव्हते. परंतु पोलीस दलाने बदलून टाकलेली तशी काही पिस्तुले जवळच्या दुकानात आली होती.

प्रत्यक्ष चाचणी आणि निर्णय

माधवीताईंचा हात लहान आहे. पिस्तूल मुठीत नीट धरल्यावर उजव्या हाताच्या तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य चापावर यायला हवा. काही पिस्तुलांवर त्यांच्या बोटाचे टोकच तेवढे पोहोचत होते आणि ते पुरवण्यासाठी त्या नकळत मूठ उजवीकडे फिरवत होत्या. असे झाले की नळी मनगटाच्या रेषेतून सुटते, धक्का अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि नेम डावीकडे सरकतो. दुकानाच्या काउंटरवर एक मिनिट पिस्तूल हातात धरून हे कळत नाही. गोळ्या झाडल्यावर आणि कागदावरची भोके पाहिल्यावर कळते.

टॉरस जी3सीने त्यांच्या गोळ्या सात यार्डांवर मध्याच्या खाली आणि डावीकडे पडल्या. पिस्तुलात दोष नव्हता. त्याच पिस्तुलाने मी झाडलेल्या गोळ्या मध्यावर गेल्या. मूठ आखूड असल्यामुळे त्यांची करंगळी लोंबकळत होती, धक्का जास्त जाणवत होता आणि पुढच्या गोळीआधी हात आपोआप खाली दाबला जात होता. धक्क्याची ही भीती नवशिक्याचा सर्वांत मोठा शत्रू असते. लहान पिस्तूल कमरेला लपवून बाळगण्यासाठी असते, आणि माधवीताईंना ते बाळगायचे नव्हते. 2021 पासून टेक्सासमध्ये पात्र प्रौढाला परवान्याविना पिस्तूल बाळगता येते, पण रुग्णालयात ते नेता येत नाही आणि बारा तासांच्या पाळीभर वाहनतळावरील गाडीत ठेवणे म्हणजे चोराच्या हाती देणे. पिस्तूल घरातच राहणार हे एकदा ठरल्यावर लहान आकाराची काहीच गरज उरली नाही. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता, कारण त्याने आखूड पिस्तुलांचा विचार एका फटक्यात बाद केला.

एसडी9 चा चाप जड होता. तो ओढताना पुढची माशी (नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाकडे असलेला उंचवटा) खाली झुकत असल्याचे मला बाजूने दिसत होते. सिक्युरिटी-9 त्यांना आवडले. त्यात आतल्या बाजूला घोडा (आघात करून बार उडवणारा हातोडीसारखा भाग) असल्यामुळे स्लाइड मागे ओढायला तुलनेने हलकी जाते. शील्ड ईझेडची स्लाइड तर त्यांनी दोन बोटांत ओढली आणि त्या लगेच म्हणाल्या, ‘दादा, हेच घेऊ या.’

येथे खरा पेच पडला. हातात बसणारे पिस्तूल मर्यादेच्या सव्वाशे डॉलर वर होते. ते घ्यायचे तर सरावाची काडतुसे आणि वर्ग या दोन्हींवर पाणी सोडावे लागले असते. मी त्यांना दहा मिनिटे मागितली आणि एम अँड पी 9 ची स्लाइड ओढण्याची रीत दाखवली: पिस्तूल छातीजवळ घ्यायचे, नळी पूर्ण वेळ समोर गोळ्या अडवणाऱ्या बांधाकडे, बोट चापाबाहेर, डाव्या हाताच्या चारही बोटांनी आणि तळव्याने स्लाइड वरून घट्ट पकडायची, आणि ती मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचे. तिसऱ्या प्रयत्नात स्लाइड पूर्ण मागे आली. अडचण बोटांच्या ताकदीची नव्हती, रीतीची होती. संधिवात असलेल्या किंवा वयस्कर व्यक्तीसाठी मात्र मी शील्ड ईझेडसाठी वरचे पैसे घालायलाच सांगितले असते.

एम अँड पी 9 च्या मुठीचा मागचा भाग बदलता येतो. त्यातला सर्वांत लहान भाग बसवल्यावर माधवीताईंचे पेर बरोबर चापाच्या मध्यावर आले. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. सफाईसाठी ग्लॉक किंवा एसडी9 उघडताना आधी चाप ओढावा लागतो. त्यापूर्वी चेंबर (नळीच्या मागची, काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची खात्री करायला विसरलेल्या लोकांच्या हातून घरात गोळ्या सुटलेल्या आहेत. एम अँड पी मध्ये आतली एक छोटी पट्टी खाली केली की चाप न ओढता पिस्तूल उघडते. मूल असलेल्या घरात, नवशिक्या मालकासाठी, हा फरक मी किमतीइतकाच वजनदार मानतो.

दुकानातील पिस्तूल 319 डॉलरचे होते, करासह 345. वापरलेले पिस्तूल म्हटले की आपले लोक बिचकतात. पोलिसांचे पिस्तूल बाहेरून खरचटलेले असते, कारण ते वर्षानुवर्षे चामड्याच्या किंवा प्लास्टिकच्या म्यानातून आत-बाहेर होते. झाडले जाते मात्र वर्षातून थोडे वेळा. नळीच्या तोंडाजवळचा रंग उडाला होता, पण दुकानदाराच्या परवानगीने पिस्तूल उघडून, नळी वेगळी काढून उजेडाकडे धरली तेव्हा आतल्या खाचा स्वच्छ आणि धारदार दिसल्या. मॅगझिन बटण दाबताच मोकळी खाली पडत होती. क्रमांकावरून कंपनीची काही दुरुस्तीची मोहीम लागू आहे का, हेही पाहिले. नव्या मालालाही ही तपासणी हवी, कारण याच कंपनीच्या शील्ड ईझेडच्या 2020 मध्ये बनलेल्या काही पिस्तुलांचे घोडे बदलून देण्याची वेळ आली होती. अंधारात चमकणाऱ्या माशा मात्र विझत आल्या होत्या. त्यांत ट्रिटियम हा किरणोत्सर्गी वायू असतो आणि साधारण बारा वर्षांत त्याचे तेज निम्मे होते, त्यामुळे त्या माशांसाठी वरचे पैसे मागितले गेले तर देऊ नयेत. येथे ते मागितले गेले नाहीत.

खरेदीची प्रक्रिया

यजमान त्या आठवड्यात घरी होते आणि माधवीताईंना सलग पाळ्या होत्या, म्हणून ‘मीच जाऊन माझ्या नावावर घेऊन येतो’ असे ते म्हणाले. हे मी थांबवले. संघराज्याच्या 4473 क्रमांकाच्या फॉर्मवर आपणच खरे खरेदीदार आहोत का, असा थेट प्रश्न असतो. खरी भेट देणे कायद्याला मान्य आहे. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी, आपल्या नावावर घेणे मान्य नाही, आणि ज्याला शस्त्र बाळगण्यास मनाई आहे अशा माणसासाठी ते घेतले तर 2022 च्या कायद्यानंतर शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत जाऊ शकते. नवरा-बायकोच्या व्यवहारात सीमारेषा धूसर असते हे खरे, पण जो वापरणार त्यानेच फॉर्म भरला की प्रश्नच उरत नाही.

माधवीताई स्वतः गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. काही महिन्यांपूर्वी त्यांनी घर बदलले होते आणि चालक परवान्यावर जुना पत्ता होता. फॉर्मवरील राहण्याचा पत्ता सरकारी कागदावर दिसावा लागतो. दुसऱ्या दिवशी त्या नव्या पत्त्याचे वाहन नोंदणीपत्र घेऊन गेल्या आणि ते चालले. त्यानंतर एफबीआयच्या तपासणी यंत्रणेकडून लगेच ‘पुढे जा’ न येता ‘थांबा’ असे उत्तर आले. ही यंत्रणा 1998 पासून चालू आहे आणि मिळतेजुळते नाव असले तरी असे होऊ शकते. दोन दिवसांनी मंजुरी आली. आपल्याकडे नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव मधे येते, आणि एका कागदावर ते पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षर, तिसऱ्यावर गायब असते. सर्व कागदांवर नाव एकसारखे करून घेणे शहाणपणाचे आहे.

ज्या वाचकांकडे एच-1बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसा आहे त्यांनी ध्यानात घ्यावे की बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे ताब्यात ठेवण्यास संघराज्याचा कायदा सर्वसाधारणपणे मनाई करतो. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला खरेदी करता येते. हा नियम या घराला सासूबाईंमुळे लागू पडत होता. पेटीचा आकडा त्यांना सांगायचा नाही, किल्ली त्यांच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही आणि त्या असताना पिस्तूल उघड्यावर ठेवायचे नाही, असे ठरले. सासूबाईंना हे आधीच समजावून सांगितले गेले, हे फार बरे झाले. नाहीतर त्यांना तो अविश्वास वाटला असता.

परिणाम

रेंजवर नेल्यावर पहिल्याच मॅगझिनमध्ये रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकली. मग आणखी एकदा. पिस्तूलच सदोष आहे या निष्कर्षावर यजमान लगेच आले. अशा वेळी पिस्तूल आणि काडतुसे तीच ठेवून झाडणारा बदलून पाहावे. मी झाडले तेव्हा एकही पुंगळी अडकली नाही. माधवीताईंचे मनगट धक्क्याबरोबर मागे झुकत होते, त्यामुळे स्लाइडला आधार मिळत नव्हता आणि ती पूर्ण मागे जात नव्हती. मनगट ताठ केल्यावर अडकणे थांबले. नंतर मात्र दुसराच प्रकार दिसला: काही वेळा स्लाइड पुढे येऊन पूर्ण बंद होत नव्हती आणि तो माझ्याही हातात घडला. तो दोष खरा होता, जुन्या स्प्रिंगचा. मुख्य स्प्रिंग आणि मॅगझिनच्या स्प्रिंगा बदलायला 40 डॉलर लागले आणि त्यानंतर तक्रार उरली नाही. एकूण खर्च 731 डॉलर झाला, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा 31 जास्त.

धक्क्याची भीती काढण्यासाठी मॅगझिनमध्ये अधूनमधून खोटी काडतुसे मिसळून सराव घेतला. खोट्या काडतुसावर चाप ओढला गेला की नळी किती खाली झुकते ते झाडणाऱ्याला स्वतःलाच दिसते, आणि मग सांगावे लागत नाही. घरी माधवीताई रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, चाप ओढण्याचा सराव करतात. त्याला एक पैसा लागत नाही. सात यार्डांवर त्यांच्या गोळ्या आता तळहाताएवढ्या जागेत पडतात.

घराचा नकाशा कागदावर काढून आम्ही एक काम केले, जे मी प्रत्येक कुटुंबाला करायला सांगतो. अमेरिकेतील घरांच्या आतल्या भिंती जिप्समच्या पत्र्यांच्या असतात. पोकळ टोकाची गोळीसुद्धा त्या पार करू शकते. मुलाची खोली कुठल्या भिंतीमागे आहे आणि म्हणून कुठल्या दिशेला कधीही गोळी झाडायची नाही, हे माधवीताईंना पाठ आहे. बेत असा की आवाज आला तर मुलाला आपल्या खोलीत घ्यायचे, दार लावायचे, 911 ला फोन करायचा आणि तिथेच थांबायचे. घरभर हिंडून चोर शोधायचा नाही.

दसऱ्याला एक प्रश्न आला. सासूबाई आल्या होत्या आणि शस्त्रपूजनात पिस्तूल मांडावे अशी त्यांची इच्छा होती. पाहुणे, मुले आणि व्हिसाचा नियम, तिन्ही लक्षात घेता माधवीताईंनी बंद कुलूपपेटीच पाटावर ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिले. त्यांचा हा निर्णय मला इतका योग्य वाटला की दसऱ्याआधी विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सुचवतो.

मुलापासून पिस्तूल लपवले नाही. ते घरात आहे, ते बंद आहे, आणि कुठेही, मित्राच्या घरीसुद्धा, बंदूक दिसली तर हात न लावता तिथून निघायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे, हे त्याला आईने समोर बसवून सांगितले.

वेगळे काय करता आले असते

वर्ग खरेदीच्या आधी झाला, पण पुरेसा आधी नाही. पाच पिस्तुलांची चाचणी घेतली तेव्हा माधवीताईंचा हात अजून बसायचा होता. .22 वर आणखी एक-दोन सत्रे होऊन मग तुलना केली असती तर सिक्युरिटी-9 आणि एम अँड पी यांच्यात त्यांचा कौल कदाचित अधिक विश्वासाने पडला असता. पिस्तूल वापरलेले होते हे ठाऊक असताना स्प्रिंगांचे 40 डॉलर सुरुवातीच्या हिशोबात धरायला हवे होते. ते धरले असते तर पिस्तुलाची मर्यादा 290 च्या आसपास आली असती आणि कदाचित दुकानदाराशी किमतीची घासाघीस झाली असती. पत्त्याचे काम टेक्सासच्या नियमानुसार घर बदलल्यावर महिन्याभरात व्हायला हवे होते.

पोकळ टोकाच्या 25 काडतुसांची एकच पेटी घेतली गेली, हे मला सर्वांत जास्त खटकते. सरावाच्या गोल टोकाच्या काडतुसांवर चालणारे पिस्तूल पोकळ टोकाच्या काडतुसांवर अडकू शकते, आणि जे काडतूस घरात भरून ठेवायचे त्याची खात्री तेच झाडून करावी लागते. निदान दोन पेट्या सरावात संपवून तिसरी घरात ठेवावी. माधवीताईंनी पुढच्या पगारात तसे केले. त्या दोन पेट्यांतले एकही काडतूस अडकले नाही.

यजमान अजून शिकलेले नाहीत. पेटी त्यांच्याही बोटाच्या ठशाने उघडत असे आणि ते घरी असत तेव्हा पिस्तूल त्यांच्याही हाताशी असे. ते वर्ग पूर्ण करेपर्यंत त्यांचा ठसा पेटीतून काढावा, असे मी सुचवले. माधवीताईंनी तो काढला आहे आणि यजमानांची पुढची सुट्टी लागली की वर्गाची तारीख ठरेल.